सामान्यज्ञान आणि जाणतेपण

वर्तमानपत्र हाती आले की काही माणसे पहिले पान उलटून थेट शब्दकोड्याकडे वळतात. ह्यातून तुम्हाला मिळते काय, असे कोणी विचारले तर ती हसतात आणि पेन्सिल पुढे चालवितात. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमुक देशाची राजधानी कोणती, तमुक शोध कोणी लावला, तीन अक्षरी पक्षी कोणता, असल्या माहितीशी खेळण्यात तास घालविणे हा वेळेचा सदुपयोग की अपव्यय? आणि असे पुष्कळ ठाऊक असलेल्या माणसाला आपण जाणता म्हणावे काय?

ह्या प्रश्नाचा विचार करताना कुवेतचे उदाहरण उपयोगी पडते. त्याची कारणे दोन. पहिले असे की, पोटापाण्यासाठी तेथे गेलेल्या माणसाला सुटीचा शुक्रवार फार मोठा वाटतो. उन्हाळ्यात पारा पन्नास अंशांकडे चढतो, बाहेर पडवत नाही. बायकामुले गावी असतात आणि पत्राला किंवा फोनला ठरावीक वेळ असते. अशा वेळी खोलीतल्या चौघांनी एक कोडे मध्ये घेऊन बसावे, एकाला क्रिकेट ठाऊक, दुसऱ्याला नद्या-पर्वत, तिसऱ्याला जुनी गाणी, ह्यात वाईट ते काय? कोणाचे नुकसान नाही, खर्च नाही, आणि उदास मनाला एक काम मिळते. परमुलखात हेही थोडे नाही.

शिवाय कोडे भाषेची ओळख करून देते. अरबीत शब्दकोड्याला ‘कलिमात मुतकातिआ’, म्हणजे एकमेकांना छेदणारे शब्द, असे म्हणतात. एरवी हातात हात घालून चालणारी अरबी अक्षरे तेथे सुटी होऊन, हिब्रूप्रमाणे उजवीकडून डावीकडे, एकेका चौकोनात बसतात. आपल्या मराठी कोड्यात मात्र काना-मात्रा-वेलांटीसह पूर्ण अक्षर एका चौकोनात येते. ‘कुवेत’ लिहायला तीनच घरे लागतात. न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ ह्या पत्रात आर्थर विन ह्याने २१ डिसेंबर १९१३ रोजी पहिले आधुनिक शब्दकोडे छापले. त्या एका खेळाने इतक्या लिप्यांत घर केले, ते काही उगीच नव्हे.

तेव्हा करमणूक म्हणून कोडे निर्दोष आहे, हे आधीच मान्य करू. दोष शिरतो तो दोन वाटांनी.

पहिली वाट पैशाची. एके काळी मुंबई राज्यात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे मोठे वेड होते. प्रवेश फी भरायची, कूपन पाठवायचे आणि निकालाची वाट पाहायची. कित्येक जागी दोन शब्द सारखेच शोभत. पण बरोबर ठरे तो संपादकाच्या बंद लखोट्यातला. बेंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिकातून अशा स्पर्धा चालविणाऱ्या चमारबागवाला ह्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधिरंजन दास ह्यांनी निकाल दिला की, असल्या स्पर्धा म्हणजे जुगार, आणि जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाही. निकालात त्यांनी ऋग्वेदातील जुगाऱ्याचे सूक्त आणि पांडवांची दशा ह्यांचीही आठवण दिली. त्याआधी १९५५ च्या केंद्रीय कायद्याने अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला एक हजार रुपयांची मर्यादा घातलीच होती. जेथे खरोखर कौशल्याची कसोटी आहे, त्या स्पर्धांना मात्र न्यायालयाने ह्या बंधनातून मोकळे ठेवले.

हा भेद केवळ कायद्याचा नाही, नीतीचाही आहे. जे उत्तर विचाराने सापडू शकते ते विचारणे हा खेळ. जे विचारणाऱ्याच्या खिशातच आहे ते विचारून पैज लावणे ही फसवणूक. शास्ते ह्या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात शिमशोनाने तिम्ना येथे लग्नाच्या मेजवानीत घातलेले कोडे ह्याच जातीचे होते. सिंहाच्या कलेवरातला मध त्याने एकट्यानेच पाहिला होता. आईबापांनाही ते सांगितले नव्हते. पाहुण्यांनी कितीही डोके चालविले असते तरी उत्तर सापडणे शक्य नव्हते. पण पैज तीस पोशाखांची. मग पाहुण्यांनी नवरीला जाळण्याची धमकी दिली, तिने रडून रडून उत्तर काढले, आणि ते पोशाख चुकते करण्यासाठी अश्कलोन येथे तीस माणसांचे प्राण गेले. हसतखेळत घातलेल्या कोड्याचा शेवट कोठे झाला पाहा!

दुसरी वाट अधिक सूक्ष्म आहे, आणि तिच्यावर कायदा चालत नाही. रेडिओवरील बोर्नव्हिटाच्या प्रश्नमंजूषेने घराघरांत सामान्यज्ञानाची हौस निर्माण केली. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले आणि त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे हा मराठी तरुण पहिला करोडपती ठरला. ह्यात लखोटा नव्हता. उत्तर कोणालाही पडताळून पाहता येत होते. पण अशा खेळातून एक सवय लागते. उत्तर आले की प्रश्न संपला असे वाटू लागते.

कुवेतचे उदाहरण घेण्याचे दुसरे कारण ते हेच. नागरी विमानांनी सर्वांत अधिक माणसे कोणत्या कंपनीने सुटका करून आणली, असा प्रश्न सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत असतो. उत्तर : एअर इंडिया, १९९०. मुलगा तीन सेकंदांत उत्तर देतो, टाळ्या पडतात, पुढचा प्रश्न येतो.

त्या उत्तराच्या आत काय आहे? २ ऑगस्ट १९९० रोजी पहाटे इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. कुवेती दिनार इराकी दिनाराच्या बरोबरीचा ठरविण्यात आला आणि घामाने साठविलेल्या पैशाचे मोल एका हुकमाने उतरले. सुमारे १,७०,००० भारतीय तेथे होते. त्यांतल्या बहुतेकांचा मार्ग बगदादवरून, वाळवंटातून, जॉर्डनची राजधानी अम्मानकडे गेला, सरहद्दीवर तंबूंत दिवस काढावे लागले, मग विमान. त्या दिवसांत सर्वांत मोलाचे ज्ञान कोणते होते? कोणत्या इमारतीत कोणते कुटुंब अडकले आहे, कोणाच्या घरी तान्हे मूल आहे, कोणाची मोटार चालू स्थितीत आहे, कोणाजवळ पासपोर्ट नाही. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. ज्यांनी शेजाऱ्याची विचारपूस ठेवली होती त्यांच्यापाशीच ते होते.

म्हणून सामान्यज्ञान टाकून द्यावे असे आमचे म्हणणे नाही. उलट, शब्दकोडे स्वतःच एक चांगला नियम शिकविते. आडवा शब्द आपल्याला कितीही बरोबर वाटला, तरी उभे शब्द जुळत नसतील तर तो खोडावा लागतो. एकट्याने कोणतेच उत्तर बरोबर ठरत नाही. शेजारच्या उत्तरांनी त्याला दुजोरा द्यावा लागतो. हाच नियम माहितीला लावावा. ‘एअर इंडिया’ हा आडवा शब्द असेल, तर दिनार, बगदादचा रस्ता, अम्मानचे तंबू आणि रिकाम्या हाताने परतलेला माणूस हे त्याचे उभे शब्द होत. ते भरले नाहीत तर कोडे अपुरेच म्हणायचे.

आता तर खिशातला फोन कोणतेही उत्तर क्षणात देतो. त्यामुळे नुसते उत्तर ठाऊक असण्याची प्रतिष्ठा कमी झाली आहे, आणि हे एका अर्थी चांगलेच झाले. फोन जवळ असूनही न पाहता डोके चालविणे, अडले तर शेजारी बसलेल्याला विचारणे, आणि उत्तर मिळाल्यावर ‘असे का झाले?’ हा आणखी एक प्रश्न करणे, एवढे केले तर हा खेळ मनाला शहाणे करील.

घरात मुले सामान्यज्ञानाची पुस्तके पाठ करीत असतील तर त्यांना अडवू नये. मात्र प्रत्येक दहा प्रश्नांमागे एका उत्तरापाशी त्यांना थांबवावे आणि त्या उत्तरात कोणती माणसे आहेत ते शोधायला लावावे. आळीत, चाळीत, नातेवाईकांत कोणी कुवेतहून त्या साली परतलेले असेल, तर मुलाला त्यांच्याकडे घेऊन जावे आणि त्यांना बोलू द्यावे.