मागे फिरलेली पावलं

वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना बाबा आमटे सफाई कामगारांच्या जोडीनं डोक्यावरून मैला वाहत. त्या काळात एका रात्री भर पावसात त्यांना रस्त्याकडेला एक माणूस पडलेला दिसला. बोटं झडलेली, अंगावर किडे. तो कुष्ठरोगी तुळशीराम. रेल्वेच्या डब्यात एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सोजिरांशी एकटे भिडलेले, गांधीजींनी ज्यांना ‘अभय साधक’ म्हटलं ते बाबा त्या रात्री घाबरून घरी पळाले. मग राहवेना म्हणून परत गेले. तुळशीरामाची त्यांनी सेवा केली, त्यांच्याच देखरेखीखाली त्यानं प्राण सोडला. पुढे १९४९ साली बाबा कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला कलकत्त्याला गेले. कुष्ठरुग्णांसाठी त्यांनी उभारलेल्या आनंदवनाची गोष्ट आपण सांगतो, ती इथून सुरू होते.

मला मात्र त्यांचं ते पळणं फार मोलाचं वाटतं. एवढा माणूसही घाबरला! म्हणजे तोंड फिरवणाऱ्या प्रत्येकाच्या छातीत दगड नसतो, पुष्कळदा नुसती भीती असते. पण त्या भीतीपाशीच मुक्काम केला की तिची सवय होते. मग आपण पळालो हेही जाणवेनासं होतं. मन निर्ढावतं ते असं, हळूहळू.

हे निर्ढावणं आज रस्त्यावर दिसतं. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. रक्तबंबाळ माणसाभोवती आजही बघ्यांचं कडं उभं राहतं, मोबाइल वर होतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘नको बाबा, पोलिसांचं लचांड मागे लागेल.’ ही भीती एके काळी खरी होती. जखमीला रुग्णालयात आणणाऱ्यालाच पोलीस तासन्‌तास बसवून घेत, उलटतपासणी करत. पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात तसं कलमही आलं. मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही, आणि सद्‌भावनेनं मदत करताना काही चुकलं तरी त्याच्यावर खटला होत नाही.

म्हणजे ती सबब आता उरलेली नाही. आज कामावर जाताना रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं, तर गाडी बाजूला घ्या, १०८ ला फोन लावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्या माणसापाशी थांबा. घाबरून पुढे निघून गेला असाल, तरी मागे फिरा.