आकड्याचा वेष

आकडा खोटें बोलत नाहीं, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. माणसाच्या शब्दांत रागलोभ मिसळलेले असतात, आकड्यांत ते नसतात. म्हणून वाद विकोपास गेला म्हणजे आपण शब्द टाकून आकड्यांचा आश्रय करतों. परंतु आकडा आपण होऊन कोणापुढें येत नाहीं. त्याला कोणी तरी मांडावें लागतें. आणि मांडणाऱ्याच्या हातून त्याच्या अंगावर कांहीं ना कांहीं वेष चढतोच. हा वेष चढविणाऱ्याचा धर्म कोणता, एवढाच प्रश्न येथें विचारावयाचा आहे.

कीर्द-खतावणीच्या दिवसांत कारकून वहींत जो आकडा लिही, तोच बेरजेस धरी. दिसणें आणि असणें यांत भेद नव्हता. १९७९ सालीं व्हिजिकॅल्क हें संगणकावरील कोष्टक निघालें, १९८५ सालीं एक्सेल आलें. आणि आज असंख्य कचेऱ्यांचे अहवाल अशाच कोष्टकांतून तयार होतात. त्यांच्या प्रत्येक घरांत आकड्याचीं दोन रूपें नांदतात: एक आंत साठविलेलें, दुसरें डोळ्यांस दिसणारें. आंत १२३४५६७.८९ असतांना वर ‘१,२३५ हजार’ असें दाखवितां येतें. त्यासाठीं एक लहानसें सूत्र लिहावें लागतें. अर्धविरामांनीं त्याचे चार भाग पडतात: पहिला धन रकमेचा, दुसरा ऋण रकमेचा, तिसरा शून्याचा आणि चौथा अक्षरांचा. अंकचिन्हांच्या शेवटीं एक स्वल्पविराम दिला कीं रक्कम हजारांत दिसते, दोन दिले कीं दशलक्षांत. हिशेब मात्र आंतल्या पूर्ण आकड्यावरच चालतो.

हें ऐकून कोणी म्हणेल कीं, ही तर उघड फसवणूक झाली. आकडा जसाच्या तसा दाखवावा. हा आक्षेप सोज्ज्वळ दिसला तरी टिकणारा नाहीं. तीन रोग्यांपैकीं एक बरा झाला आणि अहवालांत ‘शेंकडा ३३.३३३३३३’ असें छापलें, तर त्या सहा दशांशस्थळांनीं सत्य वाढलें नाहीं. नसलेल्या अचूकतेचा आव मात्र आला. दहा मिनिटांत निर्णय द्यावयाच्या सभासदापुढें पैपैशाचे दोनशें आकडे ओतणें, हाहि सत्य लपविण्याचाच एक प्रकार होय. गर्दींत चोर जसा सुखानें वावरतो, तसा महत्त्वाचा आकडा तेथें नजर चुकवून निसटतो. तेव्हां आकडा सुवाच्य करणें ही नुसती सजावट नव्हे. वाचकाच्या वेळेचा व बुद्धीचा तो मान आहे.

खरा प्रश्न याच्या पुढें उत्पन्न होतो. ऋण रकमेसाठीं सूत्रांत स्वतंत्र भाग लिहिला, कीं वजाचें चिन्ह आपोआप उमटत नाहीं. तें लिहिणाऱ्यानें स्वतः घालावें लागतें. तें विसरलें, तर पन्नास हजारांची तूट पन्नास हजारांच्या शिलकेसारखी दिसते. लाख-कोटींच्या रीतीनें स्वल्पविराम पडावे म्हणून आपल्याकडे एक सूत्र प्रचारांत आहे. त्यांत कोटी व त्यावरील, लाख व त्यावरील, आणि बाकीच्या सर्व, अशा रकमांचे तीन वर्ग केलेले असतात. ऋण रक्कम अर्थातच ‘बाकीच्या सर्वां’त पडते; आणि यंत्राची मूळ मांडणी पाश्चात्य पद्धतीची असल्यास शिल्लक १२,३४,५६७ अशी, तर तेवढीच तूट -१,२३४,५६७ अशी दिसते.

शून्याची गोष्ट याहून गंभीर आहे. सूत्राचा तिसरा भाग कोरा ठेवला कीं सर्व शून्यें नाहींशीं होतात आणि पान स्वच्छ दिसतें. पण समजा, तो कागद एखाद्या दवाखान्याच्या औषधसाठ्याचा आहे. कोऱ्या घराचा अर्थ ‘औषध संपलें’ असा घ्यावा, कीं ‘मोजणीच झाली नाहीं’ असा? पहिला अर्थ खरा असेल तर तांतडीनें मागणी केली पाहिजे. दुसरा असेल तर मोजणाऱ्यास विचारलें पाहिजे. एका कोऱ्या घरानें दोन्ही कर्तव्यें झोंपीं जातात, आणि जागा राहतो तो फक्त औषधाची वाट पाहणारा रोगी.

दशांश झांकले कीं आणखी एक गंमत होते: २.४ आणि २.४ यांची बेरीज ४.८; कागदावर मात्र दोन आणि दोन पांच दिसतात. दिसतो तेवढाच आकडा कायमचा ठेवण्याची सोय एक्सेलमध्यें आहे; तिनें बेरीज जुळते, पण साठविलेलें सत्यच कापलें जातें. त्यापेक्षां ‘रकमा पूर्णांकांत, बेरजेंत किंचित् फरक संभवतो’ ही एक ओळ खालीं लिहिणें किती तरी प्रामाणिकपणाचें! संगणकापुढें बसलेला मनुष्य घर निवडून आंतला आकडा पाहूं शकतो. ज्याच्या हातीं छापील कागदच येतो, त्याला तें दार बंद असतें. म्हणून झांकणें हा दोष नव्हे. झांकलें आहे हें न सांगणें हा दोष आहे.

शिवाय झांकलेलें नाहींसें होत नाहीं. सूत्रांत नुसते तीन अर्धविराम लिहिले तर आकडा अदृश्य होतो, पण बेरजेंत असतोच. २००८ सालीं अमेरिकेंत लेहमन ब्रदर्स ही पेढी दिवाळखोरींत निघाली आणि तिच्या व्यवसायाचा कांहीं भाग बार्कलेज बँकेनें घेतला. कोणते करार घ्यावयाचे याच्या कोष्टकांत नको असलेल्या १७९ करारांच्या ओळी काढून न टाकतां नुसत्या दृष्टीआड केलेल्या होत्या. न्यायालयांत दाखल करण्यासाठीं कोष्टकाचें रूप पालटतांना त्या वर आल्या आणि यादींत शिरल्या. पुढें त्या वगळण्यासाठीं अर्ज करावा लागला.

अहवाल लिहिणाऱ्यास एकच कसोटी पुरेशी आहे. वाचक शेजारीं बसला आहे आणि आपण एकेक घर उघडून आंतला आकडा त्यास दाखवीत आहों, अशी कल्पना करावी. प्रत्येक वेळीं ‘होय, मला हेंच समजलें होतें’ असें तो म्हणेल, तर वेष योग्य आहे. एखाद्या घरापाशीं आपलाच हात थबकला, तर दुरुस्ती तेथें केली पाहिजे.