आधी शुगर विचारा

बारावी किंवा पदवी झाली की वाशीम, रिसोड, मानोऱ्याकडची कितीतरी मुलं-मुली रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुणं गाठतात. पहिली नोकरी अनेकदा टेलिकॉलिंगची मिळते, कारण तिथं अनुभव मागत नाहीत. आरोग्य विम्याच्या प्रोसेसला घेतलं तर थोडे दिवस ट्रेनिंग, मग कानाला हेडफोन आणि समोर डायलर. एक फोन संपतो न संपतो तोच दुसरा लागतो. बरेच लोक नाव ऐकायच्या आधीच कापतात, काही शिव्या देतात. त्या मनावर घ्यायच्या नाहीत असं शिकवलेलं असतं, तरी त्या लागतातच.

या कामाला हलकं म्हणणं मला पटत नाही. जो माणूस फोन ठेवत नाही, तो आपल्या घरातली दुखणी एका अनोळखी मुलीला सांगणार असतो. समजा, पलीकडे मालेगाव तालुक्यातले एक काका आहेत. सोयाबीनचे पैसे हातात आलेत, काकूंसाठी पॉलिसी काढायची आहे. "बोल बाई, किती भरा लागते?" महिनाअखेर आहे आणि टार्गेटला एकच पॉलिसी कमी आहे. आता तिला विचारायचं असतं, काकूंना शुगर, बीपी काही आहे का? 'हो' म्हटलं तर हप्ता वाढू शकतो, तपासणी लागू शकते, कधी अर्जच नाकारला जातो. प्रश्न घाईघाईत उरकला तर पॉलिसी आजच निघते. आणि पुढं काकू अकोल्याच्या दवाखान्यात असताना क्लेम अडकतो.

विमा नियामकानं 2024 मध्ये जुन्या आजारांसाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त 4 वर्षांवरून 3 वर्षांवर आणली. सलग 5 वर्षं पॉलिसी चालू राहिली, तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत पटली नाही तर परतही करता येते. नियम काकांच्या बाजूचे आहेत, पण ते त्यांच्या कानावर घालणार कोण? पॉलिसीची पानं कोणी वाचत नाही, मीही पूर्ण वाचलेली नाहीत. "काका, शुगरसाठी तीन वर्सं थांबा लागू शकते," एवढं त्या मुलीनं आपल्या वऱ्हाडीत सांगितलं, तर ती विक्रीइतकंच मोलाचं काम करते. त्यासाठी तिला पाठ केलेल्या स्क्रिप्टच्या बाहेर यावं लागतं, आणि विशीतल्या पोरीनं, घरभाड्याची तारीख डोक्यावर असताना, ते एकटीच्या हिमतीवर करावं ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

संध्याकाळच्या बैठकीत टीम लीडर किती पॉलिसी निघाल्या ते विचारतात. आजार नीट विचारल्यामुळं किती अर्ज थांबले, हेही तिथंच विचारलं जावं. आणि त्या थांबलेल्या अर्जांपायी तिचा इन्सेंटिव्ह कापला जाऊ नये.