हात घालायला जागा

पंक्चर शोधायला सायकलच्या दुकानात पाण्याचे घमेले असते. ट्यूबमध्ये हवा भरायची आणि ती थोडी थोडी पाण्यात बुडवत फिरवायची. बुडबुडे आले, की तिथे भोक. फार शोधावे लागत नाही. दोष आपण होऊन वर येतो.

आता त्याच दुकानात विजेवर चालणाऱ्या सायकलीही येतात. चाकाचा आउट काढणे, छर्रे बदलणे, ब्रेक आवळणे ही कामे कारागीर बोलता बोलता करतो. पण बॅटरीच्या डब्यापाशी त्याचा हात थांबतो. “हे कंपनीत न्यावं लागेल,” तो म्हणतो.

या डब्यात काय असते? ३६ व्होल्टच्या बॅटरीत साधारणपणे सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले असतात. वीज सगळ्यांतून जाते. एक गट दमला, की आतले सर्किट सगळी बॅटरीच बंद करते. नऊ गट धडधाकट असतात आणि तरी सायकल थांबते. तो एक गट बदलला, तर पुष्कळदा ती पुन्हा चालू लागेल. पण पट्ट्या वेल्डिंगने जोडलेल्या, डबा चिकटवून बंद केलेला. मग सगळीच बॅटरी टाकून द्यावी लागते.

बंद ठेवण्याला कारणही आहे. लिथियमच्या बॅटरीत चुकीचा हात पडला, तर आग लागू शकते. पण काळजीपोटी लावलेले कुलूप आणि मालकीपोटी लावलेले कुलूप बाहेरून सारखेच दिसते.

जुलै २०२३ मध्ये विजेवरच्या सायकली बनवणारी ॲमस्टरडॅमची व्हॅनमूफ ही कंपनी दिवाळखोरीत निघाली. तिच्या सायकलींचा बराच कारभार ॲपवर चालत असे आणि त्याची डिजिटल किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरून येई. सायकली ठणठणीत होत्या, पण सर्व्हर बंद पडला तर काय, ही धास्ती मालकांना लागली. तेव्हा काउबॉय या बेल्जियमच्या प्रतिस्पर्धी कंपनीने एक ॲप काढले. प्रत्येकाला आपली किल्ली आपल्याजवळ जपून ठेवता यावी, एवढेच त्याचे काम. त्याच वर्षी व्हॅनमूफला नवा मालक मिळाला. पण मधल्या दिवसांत लोकांना एक गोष्ट उमगली असेल. वस्तू आपल्या घरात असली, तरी तिचे आयुष्य दुसरीकडे ठेवलेले असू शकते.

युरोपीय संघाने २०२३ मध्ये बॅटऱ्यांसाठी नवा नियम केला. विजेवरच्या सायकलींची बॅटरी, आणि तिच्यातले सेलसुद्धा, कंपनीबाहेरच्या जाणकार कारागिरालाही काढता-बदलता आले पाहिजेत, असे त्यात म्हटले आहे. त्यासाठी फेब्रुवारी २०२७ ही मुदत आहे. नियमाच्या भाषेत लिहिलेली ही तशी साधीच अपेक्षा आहे. परक्या हातालाही आत जागा असावी.

कधीच न बिघडणारी वस्तू अजून कोणी बनवलेली नाही. ज्या टिकल्या, त्या बहुधा अनेकांच्या हातांखालून गेलेल्या असतात. एकाने बनवल्या, दुसऱ्याने वापरल्या, तिसऱ्याने सावरल्या. विकत घेताना आपण विचारतो, ही किती वर्षे चालेल? ती थकेल तेव्हा कोणाकोणाला तिच्यात हात घालता येईल, हे सहसा विचारत नाही. वस्तूंबद्दल नाही, आणि स्वतःबद्दलही नाही.