फळ आपले नाही, मग आराखडा कशासाठी?

आपल्या परिसरात आरोग्याचे आणि युवकांचे काम करणारी एखादी सेवासंस्था असेल, तर तिच्या बैठकीत कधी ना कधी पुढच्या दहा वर्षांचा विषय निघतोच. योगवर्ग किती, तपासणी शिबिरे किती, तरुण कसे जोडायचे, निधी कुठून आणायचा? मग एखादा ज्येष्ठ कार्यकर्ता मनापासून विचारतो, "आपण निष्काम सेवा करतो ना? मग एवढे हिशेब कशाला? ईश्वर करून घेईल." हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. फळावर आपला अधिकार नसेल, तर दहा वर्षांनंतरच्या फळाची आखणी ही आसक्तीच नव्हे का?

उत्तरासाठी रायपूर शहरातल्या बूढापारा वस्तीकडे पाहू. 1877 मध्ये 14 वर्षांचा नरेंद्र घरच्यांसोबत कोलकात्याहून येथे आला. रायपूरपर्यंत तेव्हा रेल्वे नव्हती. बराच प्रवास बैलगाडीने, जंगलातून झाला. वडील विश्वनाथ दत्त व्यवसायाच्या निमित्ताने आधीच आले होते. 1879 पर्यंत हे कुटुंब येथे राहिले. नरेंद्राजोगी शाळा गावात नव्हती. वडिलांनीच त्याला शिकवले, घरी येणाऱ्या विद्वानांच्या चर्चेत बसू दिले, त्याचे मत ऐकून घेतले, त्याच्याशी वादही घातला. पुढे हाच नरेंद्र स्वामी विवेकानंद झाला. वस्तीलगतच्या बूढा तालावाला आज विवेकानंद सरोवर म्हणतात.

आजच्या अहवालात ही दोन वर्षे कशी नोंदली असती? शाळा नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, लाभार्थी एक! विवेकानंद घडवण्याचा आराखडा कोणी केला नव्हता, करता आलाही नसता. पण मुलासाठी वेळ काढणे, त्याचे बोलणे मनावर घेणे, मोठ्यांच्या बैठकीत त्याला जागा देणे, हे कुणीतरी जाणीवपूर्वक केले होते. बी कसे उगवेल हे आपल्या हाती नाही. जमीन नांगरून ठेवणे मात्र आपल्याच हाती आहे. आराखडा नांगरणीचा असतो, पिकाचा नव्हे.

याच शहरात पुढे स्वामी आत्मानंदांनी हे जगून दाखवले. 1929 मध्ये रायपूर जिल्ह्यात जन्मलेले तुलेंद्र वर्मा नागपूर विद्यापीठातून गणितात एम.एस्सी. झाले, नागपूरच्या रामकृष्ण आश्रमाच्या सहवासात आले आणि संन्यासमार्गाला लागले. विवेकानंदांच्या रायपूरमधील वास्तव्याची स्मृती म्हणून त्यांनी तेथे आश्रम उभारला. मंदिरासाठी पैसा जमत होता, तेवढ्यात दुष्काळ आला. स्वामीजींनी तो पैसा दुष्काळग्रस्तांसाठी खर्च केला. मंदिरासाठी पुन्हा नव्याने निधी जमवला. आराखडा बाजूला ठेवावा लागला, पण तो ज्यासाठी होता ते सुटले नाही. आपल्या नियोजनात आसक्ती आहे की नाही, हे अशाच वेळी कळते. दारात भुकेला उभा असताना जो आराखडा सोडवत नाही, तो आराखडा नव्हे, अहंकार.

1985 मध्ये त्यांनी बस्तरमधील नारायणपूर येथे अबूझमाडच्या आदिवासींसाठी काम सुरू केले: मुलांसाठी निवासी शाळा, रुग्णालय. 1989 मध्ये रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. लावलेले झाड मोठे झालेले त्यांना पाहता आले नाही. काम मात्र थांबले नाही. आपल्यामागे काम चालेल अशी व्यवस्था लावून ठेवणे, यापेक्षा निष्काम काय असू शकते?

याची दुसरी बाजूही पाहा. नियोजनाविना सुरू झालेला दवाखाना वर्षभराने बंद पडतो, तेव्हा तिथल्या औषधावर विसंबलेली रक्तदाबाची आजी कुठे जाणार? तीन महिने नियमित येणाऱ्या मुलाला एके संध्याकाळी वर्गाला कुलूप दिसले, तर पुढच्या वेळी तो कुणाच्या हाकेला ओ देईल? "ईश्वर करून घेईल" हे वाक्य श्रद्धेतून येते तसे आळसातूनही येते. कुठून आले, हे ज्याचे त्याने तपासावे.

म्हणून पुढच्या बैठकीत शिबिरांचे आकडे जरूर मांडा. पण त्याआधी तीन प्रश्न विचारा. उद्या मी नसलो, तर हे काम कोण पुढे नेईल, आणि त्याला आज मी काय शिकवतो आहे? अधिक मोठी गरज समोर आली, तर यातले काय सोडायची आपली तयारी आहे? आणि ज्याची नोंद कुठल्याच रकान्यात होणार नाही, अशा एका मुलाचे बोलणे शांतपणे ऐकायला आपल्या आठवड्यात एक तास राखून ठेवला आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल, तर आराखडा तिथूनच सुरू करा.