चालते घर आणि उघडी ताटी

प्रवासाला निघताना माणसाने बरोबर काय घ्यावे, हा प्रश्न दिसावयास अगदी लहान आहे. पडशी भरताना तो घरोघरी पडतो आणि घरातली मायमाउली तो चटकन् सोडवूनही टाकते. दोन धोतरे, एक पांघरूण, तांब्या, चार दशम्या, झाले! परंतु गेल्या माघात याच प्रश्नाने आमच्या दिंडीत दोन तट पाडले, आणि त्या निमित्ताने जो विचार आमच्या मनात अद्याप घोळतो आहे तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले. यात दुसऱ्या कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. चूक घडली ती आमच्याच हातून घडली, ते पुढे येईलच.

आमची दिंडी लहान, शंभर-सव्वाशे माणसांची. महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी ती धुळ्याहून निघते आणि पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असे करीत मुक्ताईच्या पायाशी, मुक्ताईनगरास म्हणजे जुन्या एदलाबादेस, पोहोचते. दिंडीत एक वृद्ध सद्गृहस्थ आहेत. त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे नोकरीस आहे. त्याने आईबापांना बोलावून घेतले आणि महिनाभर चालत्या घरातून तो देश दाखविला. या चालत्या घराला कॅराव्हॅन म्हणतात. मोटारीच्या मागे जोडलेली एक खोलीच ती. आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, कपाट, न्हाणी, सगळी सोय. तिकडे कामधंद्यातून मोकळी झालेली कितीतरी म्हातारी जोडपी असे बिऱ्हाड मोटारीला जोडून महिनेच्या महिने हिंडत असतात.

आबा परत आल्यावर एका एकादशीला कीर्तन संपले आणि मंडळींनी त्यांना घेरले. आबा सांगू लागले. दक्षिण किनाऱ्याजवळून पश्चिमेकडे आयर महामार्ग जातो. वाटेत नलारबोर नावाचे मोठे मैदान लागते. लॅटिन भाषेत त्या नावाचा अर्थच 'झाड नाही' असा आहे. एका अंगाला ओसाड माळ, दुसऱ्या अंगाला समुद्रात सरळ तुटलेले कडे. पुढे बॅलाडोनिया ते कायगूना हा १४६.६ किलोमीटरचा रस्ता एकही वळण न घेता जातो. आबा म्हणाले, "आपली दिंडी धुळ्याहून निघून मुक्ताईनगर गाठते ना, जवळजवळ तेवढा रस्ता, आणि चाक वळवायचं नाही! मध्ये गाव नाही, विहीर नाही. पाणी आपलं, अन्न आपलं, अंथरूणही आपलंच." मंडळी थक्क होऊन ऐकत होती. शेवटी आबा जरा थांबले आणि म्हणाले, "सगळं पाहिलं बुवा. पण वाटेवर कोणाच्या घरचं घोटभर पाणी प्यालो नाही. आम्ही महिनाभर घराबाहेर होतो का घरातच होतो, तेच मला अजून कळलं नाही."

हे वाक्य आम्ही त्या वेळी हसण्यावारी नेले.

पुढे माघ आला. आबांच्या घरातून काकूंचे गुडघे पार गेले होते. चाळीस वर्षांची वारी चुकणार म्हणून माउली रडू लागली. तेव्हा आबांनी एक लहान बस घेतली, आतली बाके काढली आणि तिकडे पाहिले होते तसे घर तिच्यात करून घेतले. ही गोष्ट आता केवळ परदेशाची उरलेली नाही. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरणही जाहीर केले. पण दिंडीत गाडी येणार म्हणताच वाद उभा राहिला. आमचे विणेकरी बुवा म्हणाले, "वारी म्हणजे चालणं. घर सोडवत नसेल तर घरीच बसावं." दुसरा पक्ष म्हणाला, "बुवा, आषाढीला मुक्ताईची पालखी तापीकाठाहून पंढरपुरापर्यंत महिनाभर चालते. तिच्या दिंड्यांमागे भांडी-तंबूंचे ट्रक असतातच ना? मग काकूंच्या गुडघ्यांनीच काय पाप केलं?" हे म्हणणे खोटे नव्हते. गाडी आली.

आणि वाचकहो, आमचा दोष येथून सुरू होतो. गाडी आली होती काकूंसाठी. पहिल्या दिवशी तिच्यात काकू बसल्या. दुसऱ्या दिवशी दोघाचौघांच्या पडशा गेल्या. तिसऱ्या दिवशी पिण्याचे पाणी, शिधा आणि शेगडी गेली. चहा गाडीत, फराळ गाडीत, दुपारची सावलीसुद्धा गाडीचीच. आमचे खांदे हलके झाले, याचे आम्हाला मोठे समाधान वाटले.

पारोळा मागे टाकून एरंडोलकडे जाताना सडकेपासून थोडे आत, एका शेताच्या बांधावर झोपडी आहे. तेथे एक सालदार आणि त्याची बायको राहतात. शेत दुसऱ्याचे, विहीर दुसऱ्याची. पण दरसाल दिंडीच्या दिवशी ही दोघे पाण्याचा माठ आणि कळण्याच्या भाकरीची टोपली घेऊन सडकेवर उभी असतात. बरोबर मिरचीचा ठेचा. दरसाल आम्ही तेथे थांबतो, चतकोर चतकोर भाकरी वाटून खातो, दोन अभंग म्हणतो आणि पुढे निघतो. या वेळी अर्ध्या तासापूर्वीच गाडीपाशी आमचा फराळ झाला होता. ऊन चढले होते, मुक्काम लांब होता. आम्ही हात जोडले आणि म्हणालो, "माउली, पोटं भरलेली आहेत. पुढच्या सालाला नक्की."

तो रागावला नाही. टोपलीवरचे फडके नीट करीत आपल्या अहिराणीत एवढेच म्हणाला, "तुमनं समदं तुमनाजोडेच शे, मंग आमना दारवर कसाले वनात?"

तुमचे सगळे तुमच्याजवळच आहे, मग आमच्या दाराशी कशाला आलात? आम्ही पुढे चालू लागलो. टाळ वाजत होते, पण आमचे लक्ष टाळात नव्हते.

आता कोणी सुज्ञ वाचक विचारील, "अहो, गरिबाची भाकरी तुम्ही वाचवलीत, यात वाईट काय झाले? शंभर माणसांनी एका सालदाराच्या टोपलीत हात घालावा, हा कुठला परमार्थ?" हा प्रश्न आम्हीही स्वतःला विचारला आणि काही दिवस त्याच्याच आडोशाला बसलो. पण मन मानीना. तो सालदार वर्षभर दुसऱ्यापुढे हात पसरतो. उचल मागतो, धान्य मागतो, सुटी मागतो. वर्षातून एक दिवस त्याचा हात वर असतो आणि आमचा खाली. त्या दिवशी तो यजमान असतो. आम्ही त्याची भाकरी वाचविली नाही, त्याचे यजमानपण हिरावून घेतले. आणि हे दयेपोटी केले असेही नाही. आम्हाला गरज नव्हती, म्हणून केले.

आबांनी पाहिलेल्या देशाचीच एक जुनी हकीकत पुढे आमच्या वाचनात आली. २० ऑगस्ट १८६० रोजी रॉबर्ट ओहारा बर्क आणि विल्यम विल्स यांची तुकडी मेलबर्नहून निघाली. तो खंड दक्षिणेकडून उत्तरेस ओलांडून जावयाचा होता. बरोबर सव्वीस उंट, त्यांतले बरेचसे आपल्या हिंदुस्थानातून नेलेले, आणि त्यांना हाकणारेही इकडलेच. सामान सुमारे वीस टन! दोन वर्षांचे अन्न होते आणि ओक लाकडाचे जेवणाचे मेजसुद्धा होते. वाटेत सामान टाकीत टाकीत ती मंडळी कूपर नावाच्या ओढ्यापर्यंत आली. तेथून चौघे पुढे गेले आणि फेब्रुवारी १८६१ मध्ये उत्तरेच्या समुद्राजवळ पोहोचले. परत येताना एक वाटेत मेला. उरलेले तिघे २१ एप्रिलला संध्याकाळी ओढ्यावर आले, तर त्यांची वाट पाहणारे सोबती त्याच दिवशी सकाळी निघून गेलेले!

आता खरी गोष्ट पुढेच आहे. ज्या ओढ्याकाठी हे तिघे उपाशी पडले, त्याच ओढ्याकाठी यांड्रुवांधा नावाचे मूळचे लोक पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. त्यांनी मासे आणून दिले, नार्डू नावाच्या वनस्पतीचे खाद्य दिले. मासे आम्हा माळकऱ्यांना वर्ज्य, ते असो. पुढे आलेला हात पाहावा. बर्कला त्या हाताची भीती वाटली. एकदा तर त्याने देऊ केलेले मासे झिडकारले आणि त्या लोकांच्या डोक्यावरून बंदुकीचा बार काढावयास लावला. १८६१ च्या जून-जुलैच्या सुमारास बर्क आणि विल्स दोघेही मेले. तिसरा जॉन किंग एकटा उरला. तो त्याच लोकांत जाऊन राहिला. त्यांनी त्याला आपल्यात घेतले, खाऊ घातले, आणि सप्टेंबरात शोध घेणारी मंडळी आली तेव्हा तो जिवंत होता. वीस टन सामान ज्यांना वाचवू शकले नाही, त्यांतला एक जण दुसऱ्याच्या दाराशी गेला म्हणून वाचला.

तर मग चालते घर वाईट म्हणावे काय? तसे आम्ही म्हणणार नाही. आमच्या धुळे जिल्ह्यात साक्रीकडचे ठेलारी बांधव मेंढरे घेऊन वर्षातले कितीतरी महिने बाहेर असतात. घोड्यावर लादलेले बिऱ्हाड, त्यातच लेकरू, त्यातच कोंबडी. त्यांचे सगळे घरच चालते. पण ज्या शेतात त्यांची मेंढरे बसतात त्या शेताला खत मिळते आणि शेतकरी त्यांना धान्य देतो. ते घर बरोबर नेतात आणि तरीही दुसऱ्याच्या दाराशी त्यांचे देणेघेणे असते. त्या नलारबोरच्या रस्त्यावरही, आबा सांगतात, समोरून येणारा अनोळखी गाडीवान हात वर करून रामराम केल्यासारखे करतो आणि कोणाची गाडी बंद पडलेली दिसली तर थांबून विचारपूस करतो. जेथे शंभर कोसांत दुसरे कोणी नाही, तेथे बरोबर पाणी बाळगणे हा शहाणपणा आहे. जेथे पाच कोसांवर माठ घेऊन माणूस उभा आहे, तेथे आपलीच टाकी काढून पिणे हा मात्र त्या माणसाचा अव्हेर आहे.

ज्या मुक्ताईकडे आम्ही चाललो होतो, तिने काय शिकविले? ज्ञानोबामाउली लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन झोपडीची ताटी लावून आत बसले होते. धाकटी बहीण बाहेर उभी राहिली आणि तिने दादाला ताटी उघडावयास लावली. ताटीच्या अभंगांची ही कथा कोणा वारकऱ्याला ठाऊक नाही? आम्ही ती दरसाल ऐकतो, डोळे पुसतो. आणि त्याच मुक्ताईच्या वाटेवर आमची ताटी चार चाकांवर लावून, आतून कडी घालून आम्ही चाललो होतो. ज्ञानोबांनी ताटी लावली ती दुःखाने. आम्ही लावली ती सुखाने. सुखाने लावलेली ताटी उघडणे अधिक कठीण असते, कारण ती लावलेली आहे हेच आतल्याला समजत नाही.

तात्पर्य, बरोबर काय घ्यावे याचे उत्तर वस्तूंच्या यादीत सापडणार नाही. ज्या वस्तूमुळे आपल्याला निघता येते, ती जरूर घ्यावी. काकूंना गाडीमुळे निघता आले. ती गाडी त्यांच्यापुरती पालखीच होय. ज्या वस्तूमुळे वाटेवरच्या कोणाचीच गरज उरत नाही, ती मात्र कितीही हलकी असली तरी ओझे आहे. गरिबाच्या टोपलीवर भार पडू नये ही काळजी खरीच. पण त्यावर उपाय टोपली नाकारणे हा नव्हे. त्याची चतकोर भाकरी घ्यावी आणि आपला शिधा उघडून त्यालाही पंगतीत बसवावे.

यात्रा आटोपून परतताना आम्ही चौघे त्या झोपडीपाशी उतरलो. दोघेही कामावर गेलेली. दाराला कडी होती, कुलूप नव्हते. काकूंना धरून खाली उतरविले. कडुनिंबाखाली माठ होता, त्यावर पेला पालथा घातलेला. कोणी न विचारताच आम्ही ते पाणी प्यालो. काकू म्हणाल्या, "हे गोड लागतंय हो." माठातले कमी झालेले पाणी आम्ही भरून ठेवले नाही. तसे केले असते तर पुन्हा हिशेब फेडून मोकळे झालो असतो.

पुढच्या माघासाठी दिंडीने ठरविले आहे की गाडी येईल ती अशक्तांसाठी. पिण्याचे पाणी वाटेवरच्या गावांचे, आणि पारोळ्यानंतरचा फराळ त्या बांधावर, त्या दोघांसह. विणेकरी बुवांनी यास मान दिली आहे. तो सालदार आमच्यासाठी पुन्हा सडकेवर उभा राहील की नाही, हे मात्र आमच्या हाती नाही. तो उभा नसला, तर या खेपेस आम्ही त्याच्या दाराशी जाऊन भाकरी मागू.

रामकृष्णहरि.