साचा आणि कर्ता

कर्करोगग्रस्त खालच्या जबड्याचा भाग काढल्यावर तेथे रुग्णाच्याच पायातील फिब्युला हे हाड बसवण्याची पद्धत अमेरिकी शल्यचिकित्सक डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये मांडली. नडगीच्या हाडाला लागून असलेले हे बारीक हाड शरीराचा थोडाच भार पेलते, त्यामुळे त्याची गुडघ्याकडची व घोट्याकडची टोके राखून मधला भाग रक्तवाहिन्यांसह काढता येतो. मात्र फिब्युला सरळ आणि जबडा कमानीसारखा असल्याने हाडाचे ठरावीक कोनांत छेदलेले तुकडे जुळवावे लागतात, आणि कोन चुकला तर वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. आता हे कोन सीटी स्कॅनवरून संगणकावर आधीच ठरतात व त्यांबरहुकूम ‘कटिंग गाइड’, म्हणजे हाडावर घट्ट बसणारा आणि करवतीला नेमक्या खाचेतूनच जाऊ देणारा साचा, थ्रीडी प्रिंटरवर तयार होतो. तंबाखू-गुटख्याने असंख्य तोंडे उद्ध्वस्त केलेल्या महाराष्ट्राला हा विषय परका नाही.

यातून उभा राहणारा प्रश्न कर्तृत्वाचा आहे: छेद देणारा कोण मानावा, करवत धरणारा, कोन ठरवणारा, की हाताला वावच न ठेवणारा साचा?

साचा मुळात नवा नाही. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ मध्ये छापलेल्या वृत्तांतानुसार, पुण्याकडे कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीतून घडवताना मेणाचा पातळ पत्रा आधी नाकाच्या जागी बसवून, मग सपाट करून कपाळावर ठेवला गेला आणि त्याच्या कडेने रेघ आखली गेली. तेथे माप घेणारा आणि कातडी कापणारा एकच होता, तर संगणकीय साच्यात निर्णय आधीच, अनेकदा दुसऱ्याच ठिकाणी, झालेला असतो.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, नानाविध चेष्टा आणि दैव; केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची दृष्टी तेथे सदोष ठरते. हे विवेचन येथे तंतोतंत लागू पडते, परंतु कारणे अनेक असल्याने उत्तरदायित्वही वाटले जाते, असा निष्कर्ष त्यातून काढणे रुग्णाच्या दृष्टीने घातक होय. पाणिनीने कर्त्याचे लक्षण क्रियेतील स्वातंत्र्य हे मानले आहे, आणि तोच निकष येथे अधिक उपयोगी पडतो. साच्याला स्कॅनच्या दिवशीचा देहच ठाऊक असतो. दरम्यान गाठ पसरली असेल, तर रोगमुक्त कडा मिळेपर्यंत छेद पुढे सरकवावा लागतो आणि साचा बाजूला ठेवावा लागतो. तो बाजूला ठेवण्याचा अधिकार आणि कौशल्य ज्याच्याकडे आहे, तोच कर्ता. म्हणूनच साच्याविना छेद देण्याचा सराव शिक्षणातून वगळला गेल्यास शल्यचिकित्सकाचे स्वातंत्र्य नावापुरते उरेल, ही चिंता रास्त आहे. रुग्णाची संमती घेतानाही कोन कोणी ठरवले, आणि बेत बदलल्यास पायातील अधिक हाड घ्यावे लागू शकते, हे त्याला आधीच सांगितले पाहिजे.